तिकीट बंद होतं, काम कधी संपतं?

क्लायंट सपोर्टच्या कामाला शेवट नसतो, आणि या नोकरीतला बराचसा थकवा तिथूनच येतो असं माझं मत आहे. एका मेलला उत्तर द्यावं, तर त्या उत्तराला उत्तर येतं. दुपारपर्यंत रांग उपसावी, तर संध्याकाळी ती होती तेवढीच. शिवाय हे काम नीट झालं तर दिसत नाही. इन्व्हॉइस बरोबर गेलं, अकाउंट वेळेवर सुरू झालं, कराराची प्रत हवी त्या माणसाच्या हातात पडली, तर कुणी काही बोलत नाही. बोलावं तरी का, ते तसंच व्हायला हवं होतं. दिसतं ते अडलेलं. दिवसभर समोर येत राहतं ते फक्त बिघडलेलं, आणि त्यात आपण केलेलं काम शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

अशा कामात उमेद कशी टिकवायची, हे या क्षेत्रात नव्याने आलेली मुलंमुली हमखास विचारतात. तोवर त्यांनी बाहेरून बरेच सल्ले गोळा केलेले असतात: सकारात्मक राहा, पहाटे उठा, स्वतःला ढकलत राहा. मला हे सल्ले पटत नाहीत. ज्याला आधीच दिवसभर सगळे ढकलत असतात, त्याने स्वतःलाही ढकलावं हा कसला उपाय? या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझी खात्री पटली आहे ती एका गोष्टीची. आपलं काम नेमकं कुठे संपतं हे ज्याला ठरवता येतं, त्याची उमेद टिकते. कामाचा वेगही त्यालाच सापडतो.

अर्धवट कामं डोक्यात का घोंघावत राहतात, याचा अभ्यास जुना आहे. ब्लूमा झैगार्निक या मानसशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये कर्ट लेविन यांच्याकडे शिकत होत्या. १९२७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना छोटी छोटी कामं दिली होती. काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं तेव्हा थांबवलेली कामं लोकांना जास्त आठवली. पुढच्या संशोधकांना हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, त्यामुळे त्याला पक्का नियम म्हणता येत नाही. मला कामाला आला तो याच वाटेवरचा नंतरचा एक अभ्यास. ई. जे. मॅसिकँपो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११ साली दाखवलं की अपुरं राहिलेलं उद्दिष्ट दुसरं काम करतानाही मनात डोकावत राहतं; पण ते केव्हा, कुठे आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला, की काम पूर्ण झालेलं नसतानाही हे डोकावणं बरंच थांबतं.

मनाला काम संपायलाच हवं असं नाही, त्याची जबाबदारी कुठेतरी नीट लिहून ठेवलेली आहे एवढी हमी मिळाली तरी चालतं, असा अर्थ मी त्यातून घेतला. तेव्हापासून तिकिटावर, म्हणजे क्लायंटच्या विनंतीच्या आमच्याकडच्या नोंदीवर, नुसतं ‘पेंडिंग’ असा शेरा मी लिहीत नाही. ‘पेंडिंग’मधून कुणालाच काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी आपल्यालाही नाही. त्याऐवजी लिहिते: ‘गुरुवारी सकाळी अकाउंट्सला फोन. उत्तर नाही आलं तर त्यांच्या मॅनेजरला मेल. क्लायंटला तीन वाजेपर्यंत स्थिती कळवायची, झालं असो वा नसो.’ हे लिहायला मिनिटभरही लागत नाही. संध्याकाळी मशीन बंद करताना मात्र मन मोकळं असतं. घरी गेल्यावर ‘त्या रिफंडचं काय झालं’ असं आठवत नाही, कारण त्या रिफंडचं उद्या काय होणार हे ठरलेलं असतं.

पण हा झाला आपल्यापुरता शेवट. खरी मेख पुढे आहे. काम संपलं हे ठरवायचं कुणाच्या बाजूने?

आपल्या बाजूने संपवणं फार सोपं असतं. एक बटण दाबलं की तिकीट बंद. समजा एका क्लायंटने कळवलं, ‘इन्व्हॉइसवर आमचा जुना पत्ता आलाय, बदलून द्या.’ आपण दुरुस्त प्रत पाठवली आणि तिकीट बंद केलं. अर्ध्या तासाच्या आत काम झालं, रिपोर्टमध्ये हिरवा रंग आला. पण मूळ नोंदीतला पत्ता तसाच राहिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच इन्व्हॉइस, पुन्हा तोच मेल, या वेळी थोडा चढ्या सुरात. तो मेल दुसऱ्या कुणाकडे गेला तर त्याला मागचं काहीच ठाऊक नसतं. तोही नुसती प्रत बदलून देतो. वर्षभर हे चालू राहू शकतं. प्रत्येक वेळी कुणीतरी ‘निकाली काढलं’ म्हणून मोजलं जातं आणि क्लायंटच्या लेखी एकदाही काही निकाली निघालेलं नसतं.

ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन सेडन यांनी सेवा देणाऱ्या संस्थांकडे येणाऱ्या मागणीचे दोन भाग पाडले. लोकांना खरोखर हवं असतं म्हणून येणारी मागणी एकीकडे. आणि आपण काहीतरी केलं नाही किंवा धड केलं नाही म्हणून उगवणारी मागणी दुसरीकडे. हा भेद एकदा मनात बसला की इनबॉक्स वेगळाच दिसू लागतो. ‘माझ्या विनंतीचं काय झालं?’ हा मेल दुसऱ्या प्रकारचा. ‘तुम्ही पाठवलेली लिंक उघडत नाही’ हा दुसऱ्या प्रकारचा. ‘कुठला फॉर्म भरायचा ते कळलं नाही’ हाही. असे मेल वेगळे काढून पाहावेत. आपली रांग वाटते तेवढी बाहेरून आलेली नसते, तिचा मोठा हिस्सा आपल्याच हातून निपजलेला असतो. हे वाचून कुणाला वाईट वाटेल, मला मात्र त्यातून धीर आला. जे आपल्याकडून तयार होतं, ते कमी करणंही आपल्या हातात असतं.

ते किती कमी केलं तर काय होतं, याचं गणितही आहे, आणि ते सपोर्टमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले अग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या येण्याजाण्याचं गणित मांडलं. त्यातूनच पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्यातली सगळ्यात साधी रांग घेऊ: काम करणारा एक, कामं अनियमित येणारी, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. एका कामाला सरासरी १० मिनिटं लागतात असं धरलं आणि तो माणूस वेळेच्या ८० टक्के व्यग्र असला, तर नव्या कामाला रांगेत सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के व्यग्र असला तर ९० मिनिटं. ९५ टक्के असला तर १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त. व्यग्रता पाचाने वाढते आणि प्रतीक्षा दुपटीच्या पुढे जाते.

हेच उलट बाजूने वाचलं की त्यातली गंमत कळते. जो माणूस ९५ टक्के भरलेला आहे, त्याच्याकडे येणाऱ्या दर शंभर मेलमधले पाचेक मेल जन्मालाच आले नाहीत, तर उरलेल्या सगळ्यांची प्रतीक्षा जवळजवळ निम्मी होते. शंभरात पाच! तेवढ्यासाठी टायपिंगचा वेग वाढवावा लागत नाही की जेवणाची सुट्टी मारावी लागत नाही. पत्त्याची मूळ नोंद बदलण्यात गेलेली जादा पाच मिनिटं खर्च म्हणून मोजली जातात, पण ती पुढच्या अकरा मेलची जागा रिकामी करून गेलेली असतात. कार्यक्षमता म्हणजे हात भराभर चालवणं ही समजूत या कामात सगळ्यात जास्त नुकसान करते असं मी म्हणेन. घाईघाईत दिलेलं अर्धं उत्तर हे दोन मेलचं बियाणं असतं.

तर मग पूर्ण उत्तर कसं असतं? आमच्याकडे पूर्वापार चालत आलेलं एक वाक्य आहे: ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे, लवकरच कळवू.’ वाक्य सभ्य आहे, पण वाचणाऱ्याचा एकही प्रश्न त्यात सुटत नाही. कुठला विभाग? लवकर म्हणजे कधी? तोवर मी काय करू? जुनं बिल भरू की थांबू? त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘दुरुस्त इन्व्हॉइस सोबत जोडलं आहे. जुनं रद्द झालं आहे, त्यावर पैसे भरू नयेत. मूळ नोंदीतला पत्ताही बदलला आहे, त्यामुळे पुढचं इन्व्हॉइस नव्या पत्त्यानेच येईल. आता आपल्याकडून काही करायचं राहिलेलं नाही.’ यातलं शेवटचं वाक्य माझं फार लाडकं आहे. ते वाचून समोरचा माणूस त्याच्याकडची नोंद खोडून टाकतो. काम संपतं ते त्या क्षणी. आपण बटण कधी दाबलं याला फारसं महत्त्व नाही.

आणि लगेच संपण्यासारखं नसेल तेव्हा? तेव्हा तारीख द्यावी आणि कारण द्यावं. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबणाऱ्याच्या मनाविषयी लिहिलं होतं. किती थांबायचं हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण कळलेल्या प्रतीक्षेपेक्षा. ‘बुधवारी संध्याकाळपर्यंत, कारण मंजुरी देणारे अधिकारी त्या दिवशी कामावर येतात’ एवढं सांगितलं तरी मधले दोन दिवस फोन येत नाही. बुधवारी मंजुरी मिळाली नाही तरी बुधवारी मेल मात्र गेलाच पाहिजे. दिलेली तारीख मुकाट्याने उलटून गेली की त्यानंतरच्या आपल्या कुठल्याच तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

मध्येच येणाऱ्या व्यत्ययांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या कामात व्यत्यय हेच काम असतं. फोन बंद ठेवा, सलग दोन तास एकाग्र बसा, हे सल्ले आम्हाला लागू पडत नाहीत. फोन उचलण्याचाच पगार मिळतो. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या एका प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. पण त्यांचा ताण, वैताग आणि वेळेचं दडपण वाढलेलं होतं. मला यात आमचा प्रत्येक महिनाअखेरीचा दिवस दिसतो. आकडे उत्तम, माणसं पिळून निघालेली. कामं झाली का एवढंच पाहणाऱ्या रिपोर्टमध्ये हे कधीच येणार नाही.

सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. नंतर २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी त्यावरचा उपाय तपासला: व्यत्यय आला की आपण कुठे होतो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे चटकन लिहून मग वळायचं. फोन वाजत असताना एवढा वेळ कुठला, असं वाटेल. पण दुसऱ्या रिंगपर्यंत ‘करारातली तारीख तपासली, रक्कम राहिली’ एवढं लिहून होतं. त्या ओळीमुळे फोनवरच्या माणसाला मी सगळीच्या सगळी मिळते. परत येताना कागदपत्रं पहिल्यापासून चाळावी लागत नाहीत.

हीच सवय शिफ्ट बदलताना उपयोगी पडते. हँडओव्हर लिहिताना आपण काय काय केलं याची जंत्री द्यायचा मोह होतो, त्यात आपली मेहनत दिसते म्हणून. पुढच्या माणसाला हवं असतं वेगळंच: क्लायंटला काय सांगून ठेवलं आहे, कधीपर्यंतचा शब्द दिला आहे, आणि ते होण्यासाठी आता कुणाला हलवायचं आहे. चांगला हँडओव्हर वाचणाऱ्याला क्लायंटला तेच पुन्हा विचारावं लागत नाही. ‘मी हे तिसऱ्यांदा सांगतेय’ हे वाक्य फोनवर ऐकलं की समजावं, चूक मेलमध्ये शोधायची नाही, ती दोन शिफ्टच्या मधल्या फटीत आहे.

चिडलेल्या माणसांचा विषय टाळता येणार नाही. पगार घेऊन आपल्या भावना आवरून धरणं, हव्या त्या भावना चेहऱ्यावर आणि आवाजात आणणं, हेही श्रमच आहेत, हे समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली ठामपणे मांडलं. त्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. आठ तास बसून दमायला काय झालं, असं घरच्यांनी विचारलं तर त्यांना हे सांगावं. मी स्वतः एवढंच पाळते: वरवरचं गोड बोलत नाही. ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे छापील वाक्य रागावलेल्या माणसाला आणखी पेटवतं, आणि ते बोलताना आपल्यालाही पोकळ वाटतं. त्यापेक्षा ‘कशावाचून अडलंय?’ असं विचारलं की तो माणूस रागातून बाहेर येऊन कामाचं सांगू लागतो.

असंच विचारल्यामुळे मला एक मोठी गोष्ट कळली होती. एका क्लायंटकडून एक बाई क्रेडिट नोटसाठी, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याच्या कागदासाठी, सारख्या फोन करायच्या. रक्कम अगदी किरकोळ होती, त्यामुळे आमच्याकडे ते तिकीट दर वेळी खाली सरकायचं. शेवटी विचारलं, ‘एवढ्याशा रकमेची इतकी घाई कशासाठी, सांगाल का?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, रकमेचं काही नाही. ही एक नोंद जुळत नाही म्हणून माझा महिन्याचा हिशेब बंद होत नाही. आणि तो बंद झाल्याशिवाय मला घरी जाता येत नाही.’ महिन्याचा शेवट होता, रात्र झालेली होती. आमच्या यंत्रणेत ते ‘कमी महत्त्वाचं’ म्हणून नोंदलेलं होतं. त्यांच्या टेबलावर तीच एक गोष्ट उरलेली होती. त्यानंतर मी तिकिटं रकमेवरून जोखणं सोडून दिलं. कुणाचं काय अडलंय हे पाहू लागले.

आणि तेव्हापासून कामाचा उत्साहही बदलला. मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या जमवणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींची त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली. महिन्याभराने पाहिलं तर या लोकांचा फोनवरचा वेळ आणि त्यांनी जमवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त वाढलं होतं. ज्यांनी अशा विद्यार्थ्याचं फक्त पत्र वाचलं, त्यांच्यात तसा फरक पडला नाही. भिंतीवर ध्येयवाक्यं लावून जे होत नाही, ते समोरचा एक माणूस खरा झाल्याने होतं. सपोर्टमधल्या प्रत्येकाला अधूनमधून एखाद्या क्लायंटच्या कामाच्या जागी बसून आपण पाठवलेल्या कागदाचं पुढे काय होतं ते पाहायला मिळालं, तर कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा ते मोलाचं ठरेल.

रोजच्या रोज अशी भेट होत नाही. म्हणून मी मार्गी लागलेल्या गोष्टींची वही ठेवते. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ जणांच्या रोजच्या सुमारे १२,००० नोंदी तपासल्या होत्या. ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी जरी प्रगती झाली, ते दिवस लोकांना सगळ्यात चांगले गेलेले होते. ती माणसं नवनिर्मितीच्या प्रकल्पांवर काम करणारी होती, सपोर्टची नव्हेत. पण आमच्या कामात प्रगती आपोआप दिसत नसल्यामुळे ती लिहून ठेवण्याची गरज आम्हाला जास्त आहे. वहीत तिकिटांचे आकडे नसतात. ‘तिचा महिना बंद झाला’, ‘नव्या कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर निघाले’, ‘करारावर सही झाली, उद्यापासून त्यांचं काम सुरू’ अशा ओळी असतात. काम त्यांच्याकडे कुठे संपलं, तेवढंच.

हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट ठासून सांगायची आहे. उमेद ही एकट्या कर्मचाऱ्याची जबाबदारी नव्हे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ साली मांडलेल्या आराखड्यात कामातून प्रेरणा मिळण्यासाठी ज्या गोष्टी लागतात, त्यांत काम पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्यात स्वतः ठरवण्याची मोकळीक असणं आणि परिणाम कळणं या तिन्ही आहेत. सपोर्टच्या माणसाला बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच मिळत नाही. क्लायंटचा पत्ता बदलायचा अधिकार दुसऱ्या विभागाकडे, छोटी रक्कम परत करायची तर तीन सह्या, आणि पुढे काय झालं ते कळवायची कुणाची पद्धत नाही. वर मोजमाप कशाचं, तर किती मिनिटांत फोन ठेवला याचं. अशा जागी माणूस विझला तर दोष त्याच्या वृत्तीचा नाही. व्यवस्थापकाला खरोखर काही करायचं असेल तर त्याने प्रेरणेवरचं व्याख्यान ठेवू नये. एक अधिकार खाली द्यावा. एका मर्यादेपर्यंतची दुरुस्ती सपोर्टमधल्या माणसाने कुणालाही न विचारता करावी, एवढंही पुरे.

आमच्या टीममध्ये आम्ही आता आठवड्यातून एकदा एकत्र बसतो आणि फक्त पुन्हा उघडलेली तिकिटं वाचतो. कुणी बंद केलं होतं हे विचारायचं नाही, असं ठरलेलं आहे. का उघडलं एवढंच पाहायचं, आणि त्यातलं एक कारण निवडून मुळातून काढायचं. या आठवड्यात पासवर्ड बदलण्याचा मेल निवडलाय. लिंक किती वेळ चालते हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे लोक ती दुसऱ्या दिवशी उघडतात आणि मग आम्हाला फोन करतात. नवा मजकूर तयार आहे, सोमवारी तो बदलला जाईल.